पुढे गेलेली सायकल

मार्लब्रुक, तळच्या पायरीजवळ
२ मार्च

टॅमसिन पोरी,

तुझं कार्ड विनीने दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिच्या पद्धतीने, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातून वाचल्यासारखं, आणि दुसऱ्यांदा माझ्या सांगण्यावरून माणसासारखं. हे पत्रही तीच लिहिते आहे. बोटीवर जन्मलेल्या पोरांची शाळा म्हणजे सकाळी एका धक्क्यावर पाटी हातात, आणि दुपारी बोट पुढच्या गावाला. अक्षरं आणि मी, दोघांनी एकमेकांचा नाद सोडला तो तेव्हाच. विनी शेजारी राहते, पोस्टात होती. अक्षर देखणं, आणि तोंड अक्षरापेक्षा मोठं.

(विनी: हे मी लिहिणार नव्हते. पण ही काठी आपटते.)

फोन का घेत नाहीस, असं विचारतेस. अगं, फोन कानाला लावला की कानातलं यंत्र किटलीसारखी शिट्टी मारतं. पत्र बरं. विनी दमते तोवर माझं बोलून होतं.

तर दवाखाना तुला सायकल देतोय. चांगलं आहे, पण आमच्याकडे मालकाने एका हाताने काही दिलं की आम्ही आधी त्याचा दुसरा हात बघायचो. नीट समजावून लिही. किती दिवस विचार करणार तेही लिही, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू चपला घ्यायला गेलीस की दुकानदार म्हातारा होतो.

आणि लवकर लिही. माझं त्या सायकलीत काम आहे.

तुझी आजी रोझीना
(तिने स्वतः काढलेली फुली: ×)


९ मार्च

आजी,

दुसरा हात आहेच. दवाखाना सायकल विकत घेतो आणि वर्षभर माझ्या पगारातून थोडे थोडे कापून घेतो. कर लागायच्या आधी कापतो, म्हणून स्वस्त पडते. वर्ष होईपर्यंत सायकल दवाखान्याची, मी नुसती चालवणार. आणि एक नियम असा, की कापून उरलेला पगार सरकारी किमान पगाराच्या खाली जाता कामा नये. डॉक्टरलोक काय वाटेल त्या सायकली घेऊन आलेत, एकाची तर म्हणे करंगळीवर उचलता येते. आम्ही भटारखान्यातली माणसं. आमचा पगार आणि किमान पगार यांच्यामध्ये सायकल जाईल एवढी फटच नाही. ऑफिसातल्या बाईने आकडेमोड करून सांगितलं, साडेतीनशे पौंडांच्या आत बसव. योजना या महिनाअखेर बंद होते.

मला माउंटन बाइक घ्यायची आहे. डोंगर चढायचा म्हणून नाही. शहरापासून तुझ्या दारापर्यंत कालव्याकाठची वाट आहे, आणि ती सगळी मुळं, खडी आणि बदकांची घाण. रविवारची बस बंद झाल्यापासून मी तुझ्याकडे किती वेळा आले ते मोजायला एक हात पुरतो. सायकल असली की दर रविवारी येईन.

दुकानात एक लाल आहे, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, दिसायला मोटारसायकलसारखी. एक मोहरीच्या रंगाची आहे, तिला फक्त पुढे स्प्रिंग. एक काळी, चाकं मोठी. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन तिघींकडे बघते. दुकानातला दाढीवाला आता मला बघितलं की मागच्या खोलीत जातो.

तुझं त्यात काय काम आहे?

टॅमसिन


१४ मार्च

टॅमसिन पोरी,

सायकल दवाखान्याची आणि घाम तुझा. कळलं. आमचंही तेच होतं. बोट कंपनीची, कोळसा गिऱ्हाइकाचा, आणि पावसात उभं राहणं तेवढं आमच्या मालकीचं.

आधी त्या लाल बयेचं. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, सायकल आहे का पाहुण्यांची गादी? तेवढ्या पैशात धड एक स्प्रिंग येत नाही, तिथे त्यांनी दोन घातल्या. मग बाकीच्या लोखंडात काय घातलं असेल? दुकानात जा आणि प्रत्येक सायकल एका हाताने छातीपर्यंत उचल. जी उचलून बोटीच्या छपरावर टाकता येत नाही ती सायकल नव्हे, कपाट आहे.

हे मला कसं माहीत? तुझ्या बापाने तुला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही, म्हणून तुला ठाऊक नाही. कालवा टेकडी चढतो तो पायऱ्यांनी. प्रत्येक पायरी म्हणजे एक हौद, त्याला एक दार वरच्या अंगाला, एक खालच्या. वर जायचं तर हौद रिकामा आणि खालचं दार उघडं हवं. म्हणून बोट यायच्या आधी कुणीतरी सायकलवर पुढे जायचं आणि पायरी तयार ठेवायची. आमच्या बोटीवर ती मी. केस वेणीत, झडपा उघडायचं लोखंडी हँडल कमरेला. सगळ्या पायऱ्या तयार मिळाल्या की बोटीवरची माणसं म्हणायची, आज चांगली वाट मिळाली. त्याहून मोठं कौतुक आमच्यात नव्हतं. लग्नातसुद्धा तेच म्हणायचे.

माझा भाऊ इनॉक तुला आठवतो का? तू चार वर्षांची होतीस. त्याने तुला छपरावर बसवलं, आणि तुझ्या बापाने खाली उतरवलं. तो आता बोट विकतोय. गुडघे गेले. जुलैत 'प्रिम्रोज' आमच्या चौदा पायऱ्या चढून वरच्या डोहात न्यायची, आणि तिथे गिऱ्हाईक ती ताब्यात घेणार. वरच्या डोहाशी चॅपल आहे, चॅपलमागे आमची आई आहे. तिच्यासमोरून आम्ही दोघांनी एकदा, शेवटचं, बोटीने जायचं आणि भोंगा वाजवायचा, एवढंच ठरलंय. पण आम्ही दोघं मिळून पावणेदोनशे वर्षांची. दारं ढकलवत नाहीत.

बोट हौदात शिरल्यावरची दारं कालव्यावरचे स्वयंसेवक बघतील, पण पुढे सायकल मारायला कुणीतरी हवं. आपल्यातलं.

आजी ×


३० मार्च

आजी,

घेतली. योजना बंद व्हायच्या आदल्या दिवशी.

तू सांगितलंस तसं मी दुकानात जाऊन एकेक सायकल उचलायला लागले. लाल सायकल गुडघ्यापर्यंतच आली. दाढीवाला धावत आला, "बाई, काय करताय?" म्हटलं, "आजीने सांगितलंय." तो म्हणाला, "आजी सायकली शिकवते का?" म्हटलं, "नाही, बोटीच्या छपरावर फेकते." तो इतका हसला की त्याने स्वतः तीन मापं काढून दाखवली. काळी उचलली गेली, पण तिच्यावर बसल्यावर माझे पाय जमिनीला पोचेनात. मोहरी रंगाची छातीपर्यंत आली. लहान माप, अॅल्युमिनियमचा सांगाडा, पुढची स्प्रिंग नको तेव्हा घट्ट करता येते, ब्रेक चाकाच्या मध्याला, चिखलातही धरतात. गिअर एकवीस. हेल्मेट आणि साखळी मिळून पैसे बरोबर संपले. मडगार्ड नाहीत. या सायकलींना ते नसतातच म्हणे, वेगळे घ्यावे लागतात.

जुलैत मी येईन. "आपल्यातलं" असं तू लिहिलंस ते मी भटारखान्यात दोघींना वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

टॅमसिन


२० एप्रिल

टॅमसिन पोरी,

चिखलात जायची सायकल आणि मडगार्ड नाहीत! छत्री विकायची आणि कापड वेगळं घ्या म्हणायचं. इनॉकला सांगितलं तर तो म्हणाला, "बोटवाल्यांच्या पोरीच्या पाठीवर चिखल? त्याचं मी बघतो." काय बघणार ते त्याने सांगितलं नाही. त्याचा स्वभावच तसा. सत्तर वर्षं बोट चालवली, एकदाही कुठे वळणार ते आधी सांगितलं नाही.

बाकी तू निवड चांगली केलीस. विनी म्हणते, रंग पिवळा आहे का तपकिरी ते विचार. मी म्हटलं, मोहरी कधी पाहिली नाहीस का गं?

आता काम शिकून घे. हौदाच्या खालच्या दाराला झडपा असतात. हँडल लावून झडप उचलायची, पाणी खाली जाऊ द्यायचं. हौद रिकामा झाला की दाराच्या लाकडी दांड्याला पाठ लावायची आणि रेटायचं. हाताने नाही, पाठीने. हाताने रेटतात ते सुट्टीवर आलेले लोक. दार उघडलं की हँडल काढ, सायकलवर बस, पुढची पायरी गाठ. मागे वळून बघू नकोस. मागे बघणारीची बोट तिला गाठते, आणि मग बोटीवरचे चिडवतात.

हँडल माझ्याकडे आहे, आईचं. ते पार्सलने पाठवते आहे. विनी म्हणते टपाल महाग पडेल. पडू दे.

आजी ×


२९ जून

आजी,

हँडल मिळालं. त्याची मूठ किती गुळगुळीत झालीय गं. ते मी पाठपिशवीत घालून रोज कामावर नेते. नर्सबाईंनी विचारलं, हे काय हत्यार?

सायकलीने कमाल केली. पहिल्या आठवड्यात मांड्या लाकडासारख्या झाल्या, आता शहरातला पूल मी बसून चढते. शहराबाहेरच्या दोन पायऱ्यांवर दर शनिवारी सराव करते. तिथले लोक पाठीने दार रेटताना बघून म्हणाले, "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "घरी." आजी, असं म्हणायची मला पहिल्यांदाच संधी मिळाली.

तेरा तारखेला सकाळी मी वरून उतरत तळाशी येते. तुम्ही दिसलात की वळते आणि कामाला लागते. इनॉकआजोबांना सांग, गप्पा वर, चॅपलपाशी. मी जिंजर केक आणणार आहे. त्यांना चांगली वाट देईन. एक दारसुद्धा त्यांच्यासाठी थांबणार नाही, असं सांग.

टॅमसिन


१७ जुलै

टॅमसिन पोरी,

रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार गेला. ना तू, ना तुझं पत्र.

तू गेलीस आणि आम्ही काय केलं ते ऐक, कारण तू उगाच भलतं धरून बसली असशील. तळाशी तू हात केलास, इनॉकने टोपी हलवली आणि तू गेलीस. अशी गेलीस! एकवीस गिअर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पिवळा ठिपका वळणापलीकडे दिसेनासा झाला तेव्हा इनॉक म्हणाला, "रोझी, ही उडते का काय?" आणि मी म्हटलं, "तिला वेळ लागेल, तोवर एक कप घे." मग दुसरा कप. मग त्याने आईची गोष्ट काढली, ती बर्फात अडकलेल्या बोटीची, जी त्याला चुकीची आठवते, आणि मी ती दुरुस्त करायला घेतली. किटली तीनदा चढली. पुढे आपली पोर सगळी दारं उघडत निघालीय हे मला माहीत होतं, तरी मी बसले. वर पोचलो की बोट जाणार, म्हणून मला वर पोचायची घाई नव्हती. असं आहे ते.

माझ्या सायकलीला एक ब्रेक होता आणि तोही मनात आलं तर लागायचा. मी कधी दोन पायऱ्यांच्या पुढे गेलेच नाही, जाताच यायचं नाही. बोट पाठोपाठ असायची. म्हणून तुला सांगितलं, मागे बघू नकोस. दारं तेव्हा नवी होती, पाऊस वेळेवर होता. चौदा हौद रिकामे, चौदा दारं उघडी, प्रत्येक हौदाचं वरचं दार कुजलेलं, त्यातून पाणी झिरपत राहिलं आणि दोन पायऱ्यांमधले छोटे डोह उपसले गेले. आम्ही सहावी पायरी चढलो आणि बोट मऊ चिखलात बसली. गादीवर म्हशीने बसावं तशी.

तुझी सायकल चांगली निघाली, हाच घोटाळा झाला. यात तुझा काय दोष?

ये. केक आणायला विसरू नकोस.

आजी ×


२ ऑगस्ट

आजी,

तू मला सांभाळून घेतेस. लहानपणी मी कप फोडला तरी तू म्हणायचीस, कपालाच जायचं होतं.

मी वर पोचले तेव्हा अजून सकाळ होती. शेवटचं दार उघडलं, सायकल चॅपलच्या कुंपणाला टेकवली, केक उघडला आणि वाट बघत बसले. खाली एकामागून एक दारं उघडी दिसत होती. लग्नघरासारखी. मी फोटोसुद्धा काढला. मला वाटलं, आता येतील, आता येतील. मग कालव्यावरचा स्वयंसेवक धापा टाकत वर आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "कोण आहेस तू? अख्खा चढ कोरडा केलास! झडपा खाली पाडायच्या असतात हे कुणी शिकवलं नाही? पाण्यातलं काही कळत नाही तर येता कशाला?"

कुणी शिकवलं ते मी त्याला सांगितलं नाही.

मग मी एकेक झडप पाडत, एकेक दार बंद करत खाली आले. बोटीपाशी आले तेव्हा तुम्ही पलीकडच्या काठाला होता. बोट तिरपी. इनॉकआजोबांनी माझ्याकडे बघून हात उगारला. त्यांचं बरोबर आहे. मी मान खाली घालून निघून गेले, आणि तळाशी पोचून डांबरी रस्त्याने घरी आले.

विनीमावशींनी मला वेगळी चिठ्ठी लिहून कळवलं, की दोन दिवसांनी पाणी सोडून बोट मागे मागे तळाला नेली, आणि गिऱ्हाइकाने ती तिथूनच क्रेनने उचलून ट्रकवर घातली. म्हणजे तुम्ही चॅपलसमोरून गेलाच नाहीत. आता जाणारही नाही.

सायकल परत घ्या म्हणून ऑफिसात विचारलं. घेत नाहीत. वर्ष पूर्ण व्हावं लागतं. ती बोळात उभी आहे. मी बसने जाते.

टॅमसिन


२० ऑगस्ट

टॅमसिन पोरी,

विनी, तू परस्पर चिठ्ठ्या पाठवतेस! पोस्टातली माणसं म्हणून विश्वास टाकला.

(विनी: मला वाटलं तिला कळायला हवं. आता मला गिळायला निघाली आहे.)

पोरी, मी काही सांभाळून घेत नाहीये. तीन किटल्या म्हणजे तीन किटल्या. पण तुला ते पटायचं नाही, कारण तुला अपराधी व्हायचंय. हे तू बापाकडून घेतलंस. तोही पाणी सोडून गेला आणि मग पाण्यानेच त्याला हाकललं असं चाळीस वर्षं सांगत सुटला.

हात उगारला म्हणतेस त्याबद्दल मला सांगायचंय. इनॉक तेव्हा काय म्हणाला तेही सांगायचंय. पण ते मी पत्रात घालणार नाही. विनीचं अक्षर सुंदर आहे, पण काही वाक्यं दुसऱ्याच्या हातून जायची नसतात. तू समोर बस, मी सांगते. इनॉक लिंकनला मुलीकडे गेलाय. तिथे कालवा नाही, नुसती बाग आहे, त्यामुळे तो फार चिडचिडा झालाय. इथे आलीस की आपण दोघी मिळून त्याला भेटायला जाऊ.

सायकलीला बोळात उभं करू नकोस. उभी सायकल रुसते.

आजी ×


१२ ऑक्टोबर

आजी,

भटारखान्यात माणसं कमी आहेत, मला रविवारचीही पाळी लावलीय. नाताळात बघते. इनॉकआजोबांना माझ्यातर्फे माफी सांग. ते काय म्हणाले ते मला ऐकायचं नाही असं नाही, पण समोर बसून ऐकायची हिंमत नाही. लिहून पाठवलंस तरी चालेल. रागावलेलं वाक्य लिहिलेलं बरं असतं, घडी घालून ठेवता येतं.

टॅमसिन


२४ नोव्हेंबर

टॅमसिन,

इनॉक गेला. मंगळवारी, दुपारी, खुर्चीत. मुलगी म्हणते, बागेकडे बघत होता. मी म्हटलं, बागेकडे नव्हे गं, बागेपलीकडे कुठे पाणी दिसतं का ते बघत असेल.

आता मला हे विनीच्याच हातून पाठवावं लागणार. मी थांबले. मला वाटलं, तोंडाने सांगीन. आणि तू येत नव्हतीस, आणि मी हट्टाला पेटले. त्याला जाऊन एवढं सांगितलं असतं की पोरीचा गैरसमज झालाय, तर त्याने तुला फोन केला असता. त्याच्या कानात यंत्र नव्हतं. आता लिही विनी, आणि मधे रडू नकोस, शाई फुटते.

त्या संध्याकाळी आम्ही चिखलात बसलो होतो. ऊन होतं अजून. मला कानांनी लांबचं काही ऐकू येत नाही, पण बोटीच्या तळाशी पाय टेकवून बसलं की कळतं. वरून एक धक्का आला. मग जरा वेळाने दुसरा. दारं बंद होत होती, एकेक, आमच्याकडे येत. इनॉकने कान दिला आणि म्हणाला, "सगळी बंद करत येतेय. एकही सोडत नाही. जमिनीवरचं कुणी असतं तर केव्हाच पळालं असतं. कुणाची गं ही?"

मी म्हटलं, "तुला माहीत आहे."

तर म्हणाला, "माहीत आहे. पण तू म्हण."

म्हटलं, "आपली."

मग तो आत गेला आणि त्याने तुझ्यासाठी चहा ओतला. आईच्या निळ्या कपात. तो कप मला कधी मिळाला नव्हता. तू पलीकडच्या काठावर आलीस तेव्हा त्याने तो उंच धरला, "ए पोरी, चहा!" असं ओरडलाही. पण त्याचा आवाज तोवर कुठे उरला होता? तुला हात दिसला, कप दिसला नाही. उन्हाकडे तोंड होतं तुझं.

तू गेल्यावर तो कप त्याने तसाच ठेवला. मी म्हटलं, थंड होईल, मला दे. तर म्हणाला, "तो तिचा आहे."

एवढंच होतं. एवढ्यासाठी मी तुला चार महिने बोलावत होते.

आजी ×


५ एप्रिल

आजी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला हिवाळा लागला. लिहायला बसले की वाटायचं, आता कुणाला लिहू. ज्यांना लिहायचं होतं ते गेले.

ते पत्र मी घडी घालून ठेवू शकले नाही. बाबांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते बोळात येऊन सायकलीच्या साखळीला तेल घालून गेले.

मागच्या महिन्यात पगारातून शेवटचे पैसे कापले. आता सायकल माझी. दुकानात तीन आठवडे घालवले मी ती निवडायला. वजन पाहिलं, माप पाहिलं, ब्रेक पाहिले. आणि ती कप घ्यायला दोन मिनिटं थांबवता आली नाही.

येत्या रविवारी काठाच्या वाटेने येऊ का?

टॅमसिन


९ एप्रिल

टॅमसिन पोरी,

'येऊ का' काय विचारतेस? लाज नाही वाटत?

हिवाळ्यात त्यांनी वरची दारं सगळी नवी बसवली. ओकाची. आता थेंब झिरपत नाही. वर्षभर आधी बसवली असती तर, असं विनी म्हणाली. मी तिला म्हटलं, ते मी रोज सकाळी म्हणते, तू नको म्हणूस.

इनॉकच्या मुलीने फेब्रुवारीत एक लांबडं पार्सल पाठवलं. त्याच्या खोलीत सापडलं. तुझे मडगार्ड आहेत. लिंकनच्या बागेत बसून रंगवत होता. पुढच्यावर गुलाब आहे, आपल्या बोटींवर असतो तसा. हात कापायचा त्याचा, त्यामुळे गुलाब कमी आणि कोबी जास्त. मागचा नुसता हिरवा आहे, आणि मधे खडूने काढलेला एक गोल. दुसरा तिथे यायचा होता. विनी म्हणते, गावात एक बाई चित्रं काढते, तिच्याकडून पूर्ण करून घेऊ. मी म्हटलं, हात लावून तर बघ.

तो गोल पहिल्या पावसात जाईल. जाऊ दे. तू पाहिलास की झालं.

ये, आणि हळू ये. चॅपलपाशी सायकलीची घंटा वाजव, भोंग्याचं काम भागेल असं नाही, पण वाजव. मग तळच्या पायरीशी पोचलीस की खालचं दार जरा उघडून आपट. हौद रिकामा असेल तरच हं, नाहीतर विनी म्हणेल, पुन्हा पाणी घालवलं. मला पायाला कळेल. मी किटली ठेवीन.

कप तीन मांडणार आहे. विनी म्हणते, दोन पुरेत, मला रविवारी चहा नको.

मी म्हटलं, तिसरा तुझा आहे असं कोण म्हणालं?

आजी ×